फाटकाच्या अलीकडची नोंदवही

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार

आजपासून वही. हा काकांचा हट्ट. ते बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत आणि त्यांच्या मते व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेलं काम म्हणजे न ठरलेलं काम. माझी नोकरी पुण्यात, वाहतूक नियोजनाचीच. दिवसभर दुसऱ्यांच्या चौकांचे नकाशे काढायचे आणि संध्याकाळी स्वतःच्या फाटकावर हॉर्न ऐकत उभं राहायचं, याची आता लाज वाटायला लागली होती.

जागा: पुणे–लोणावळा लोकलच्या वाटेवरची आमची वसाहत. रुळांच्या पलीकडे गावठाण, मंडई, दवाखाने आणि महामार्गाला लागणारा रस्ता. अलीकडे सोसायट्या आणि शाळा. मधे एक रेल्वे फाटक. शाळेचं गेट तिथून दीडशे पावलांवर, त्यामुळे 'गेटवर भेटू' म्हटलं की कोणत्या, हे दर वेळी विचारावं लागतं. या वहीपुरतं रेल्वेचं ते फाटक आणि शाळेचं ते गेट.

निमित्त: ८ तारखेचा शासन निर्णय. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवायचे नाहीत, येत्या शैक्षणिक वर्षापासून. मुलांची झोप व्हावी हा हेतू, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमची शाळा आज सगळीच्या सगळी सव्वासातला भरते. त्या वेळी रस्त्यावर दूधवाले आणि फिरायला निघालेले लोक. जूनपासून लहान मुलं नऊला येणार, म्हणजे जनरल शिफ्टच्या कंपनी बसा, पुण्याची लोकल गाठणारे आणि ही पोरं, सगळे एकाच अर्ध्या तासात फाटकावर. हातात चार महिने आहेत.

१८ फेब्रुवारी, रविवार

गेटमनदादांशी बोलले. केबिनमध्ये बाहेरच्यांना मज्जाव, म्हणून ते दारात आणि मी चहाचा कप घेऊन खाली.

लोकांचा राग असा, की गाडीचा पत्ता नाही आणि हा माणूस फाटक लावून बसतो. दादांनी समजावलं ते असं. स्टेशनमास्तरांचा फोन येतो. फाटक खाली येऊन लॉक झाल्याशिवाय सिग्नल हिरवा होऊच शकत नाही, यंत्रणाच तशी बांधलेली आहे. फाटक लावायला उशीर झाला तर गाडी सिग्नलला उभी राहणार आणि जाब दादांना विचारला जाणार. त्यात लाईन दुहेरी. डाऊन गाडी गेली म्हणून लोक स्टार्टर मारतात, तोवर अप गाडीचा फोन आलेला असतो.

"ताई, फाटक लावताना मला त्रास नाही. लोक थांबतात. उघडताना जीव जातो." एवढं बोलून त्यांनी बूमवरचा, म्हणजे फाटकाच्या आडव्या दांड्यावरचा, निळा ओरखडा दाखवला. कुठल्याशा टेम्पोचा रंग. फाटक मोडणं हा रेल्वे कायद्याच्या १६० व्या कलमाखाली तुरुंगवासाचा गुन्हा आहे, हे त्या टेम्पोवाल्याच्या गावी नसावं.

उघडतानाचं मी आजवर नीट पाहिलेलंच नाही. मी त्या गर्दीतली एक स्कूटर असते.

५ मार्च, मंगळवार

पहिली मोजणी. फसली. दोष माझा.

सहा जण, सकाळी पावणेसात ते दहा, दर पंधरा मिनिटांना नवा रकाना. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. कॉलेजची दोन मुलं अगदी मन लावून करत होती. साडेआठला मुख्याध्यापिका बाई गेटवर आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, आज काय मोजताय? दहावीची परीक्षा चालू आहे, शाळा केंद्र आहे, आमचे निम्मे वर्ग दुपारी भरवलेत."

१ तारखेला परीक्षा सुरू झाली हे मला माहीत होतं. बारावीची १९ पर्यंत चालणार, दहावीची २६ पर्यंत, हेही माहीत होतं. फक्त ते आणि मोजणी एकत्र डोक्यात आलं नाही. काकांनी कागद फाडू दिले नाहीत. "फसलेली मोजणीसुद्धा फायलीला लाव." लावली.

१६ मार्च, शनिवार

लोकसभेची आचारसंहिता आजपासून. नवी निविदा नाही, नवा कार्यारंभ आदेश नाही. म्हणजे जूनपर्यंत पालिकेकडून एक पट्टासुद्धा मारून मिळणार नाही. आमच्या भागात मतदान १३ मेला, निकाल ४ जूनला, शाळा १५ जूनला. मधे राहतात अकरा दिवस.

अभियंता साहेबांशी फोन. ते म्हणाले, रस्त्यावर प्लास्टिकचे ट्रॅफिक कोन ठेवून प्रयोग करायला निविदा लागत नाही, वाहतूक पोलिसांची परवानगी लागते. हे त्यांनी आपणहून सांगितलं याची नोंद असावी.

२८ मार्च, गुरुवार

काल आणि आज, दोन्ही दिवस फेरमोजणी. सोमवारी धुळवड झाली, उद्या गुड फ्रायडे. मधल्या या दोन दिवसांना तरी कुणाचं बोट लागू नये.

मोजण्यापेक्षा पाहण्यात जास्त हाती लागलं. मी वाण्याच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून एकाच गोष्टीवर नजर ठेवली: फाटक लागल्यापासून रस्ता पुन्हा वाहता होईपर्यंत काय काय होतं.

फाटक लागतं. पहिल्या मिनिटात आपल्या बाजूच्या अर्ध्या रस्त्यात रांग लागते, शहाण्यासारखी. दुसऱ्या मिनिटात एक मोटरसायकल रांगेच्या उजवीकडून पुढे जाते आणि अगदी बूमला चाक लावून थांबते. तिला कुणी काही म्हणत नाही, म्हणून मागून पाच, मग वीस. मग रिक्षा. रिक्षा गेली की कारवाल्याला वाटतं आपणच तेवढे वेडे. चौथ्या मिनिटाला अलीकडचा अख्खा रस्ता, डावा आणि उजवा, पलीकडे तोंड करून उभा. आणि रुळांच्या पलीकडे हेच, आपल्याकडे तोंड करून.

फाटक उघडतं. दोन सैन्यं रुळांवर समोरासमोर. आता पुढे कुणी जायचं? दुचाक्या फटीतून सुटतात, एक कार मागे घ्यायला बघते तर मागे जागा नाही. एक कंपनी बस रुळांवर मागची चाकं आणि पुढे भिंत अशी उभी. गेटमनदादा हिरवी-लाल झेंडी काखेत मारून हातांनी माणसं हाकत होते. हे पाहिल्यावर त्यांचं फेब्रुवारीतलं वाक्य मला कळलं.

घड्याळ: फाटक बंद ५ मिनिटं. उघडल्यावर रस्ता मोकळा व्हायला ११. दुसऱ्या वेळी मोकळा होण्याआधीच पुढच्या गाडीचं फाटक लागलं, म्हणजे जुनी रांग हातच्यासारखी पुढच्या रकान्यात गेली. आपण याला 'फाटकावर ट्रॅफिक असतो' म्हणतो.

३१ मार्च, रविवार

हिशोब. इंडियन रोड्स काँग्रेसच्या, म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या, पद्धतीने सगळी वाहनं कारच्या मापात आणायची, म्हणजे पीसीयू. कार १. वर्दळीत दुचाक्या दहा टक्क्यांहून जास्त असल्या की दुचाकी पाऊण धरायची, आमच्याकडे दहा टक्के कसले, निम्म्याहून जास्त. बस मात्र ३.७. काकांना हे आवडलं नाही. "माझी स्कूटर पाऊण कार?" फाटकावर ती खरंच तेवढी जागा खाते, हे त्यांना परवाच दाखवलं होतं.

साडेतीन मीटरच्या एका मार्गिकेतून, सिग्नल हिरवा झाल्यावर, तासाला १८९० पीसीयू सुटू शकतात असं कोष्टक सांगतं. मिनिटाला साधारण ३१. आमच्या रुळांवरून गाडी धक्के खात जाते, म्हणून मी २५ च धरले. फाटकाकडे एका बाजूने मिनिटाला १२ येतात असं परवाच्या कागदांवरून दिसतं. ५ मिनिटं बंद, म्हणजे ६० ची रांग. सुटतात २५, मागून येतात १२, रांग मिनिटाला १३ ने कमी होते. साठ भागिले तेरा: साडेचार-पाच मिनिटं.

आम्हाला लागतात अकरा.

ही वरची सहा मिनिटं रेल्वेची नाहीत, लोकसंख्येची नाहीत, रस्ता अरुंद असल्याचीही नाहीत. फाटक बंद असताना आपण समोरच्याची बाजू भरून टाकतो, त्याची आहेत. रस्ता रुंद केला तर समोरासमोर दोनऐवजी चार रांगा उभ्या राहतील, बस. पुढचं सगळं काम या एका गोष्टीवर: उजवी बाजू रिकामी ठेवायची.

६ एप्रिल, शनिवार

रिक्षा स्टँडवर बैठक. बैठक म्हणजे अण्णांच्या रिक्षाच्या मागच्या सीटवर मी आणि बाकीचे भोवती.

स्टँड फाटकाच्या तोंडाशी, डाव्या कडेला. तिथे चार रिक्षा उभ्या राहिल्या की डावी बाजू अर्धी होते आणि लोकांना उजवीकडे घुसायला कारण मिळतं. स्टँड चाळीस पावलं मागे, पिंपळाखाली न्यावा, एवढंच मागणं. अण्णांचं उत्तर सरळ होतं. लोकल आली की माणूस फाटक ओलांडून चालत येतो आणि पहिली दिसेल ती रिक्षा घेतो. स्टँड मागे गेला तर बाहेरच्या रिक्षा तोंडाशी उभ्या राहून सवारी उचलतील, आणि नियम पाळणारे आम्ही पिंपळाखाली माश्या मारू.

यात चुकीचं काय आहे? काहीच नाही. नियोजनाच्या आमच्या कागदांवर रिक्षा हा नेहमी अडथळा असतो, धंदा कधीच नसतो.

तासभर घासाघीस झाली. ठरलं ते असं: प्रयोगाच्या दिवसांत तोंडाशी कुणीही थांबणार नाही, बाहेरचाही नाही, आणि ते पाहायला स्टँडचाच एक माणूस आळीपाळीने उभा राहील. पिंपळाखाली फलक आणि बसायला बाकडं. बाकडं काका देणार. पोलिसांचं थांबाबंदीचं पत्र मोटार वाहन कायद्याच्या ११५ आणि ११७ कलमांखाली, पण त्या पत्रापेक्षा स्टँडच्या माणसाचा वचक जास्त राहील असं वाटतं.

१५ ते १९ एप्रिल

प्रयोगाचा आठवडा. गेल्या आठवड्यात पाडवा आणि ईद, या आठवड्यात बुधवारी रामनवमी. एप्रिलमध्ये सलग पाच कामाचे दिवस शोधणाऱ्याने पंचांग आधी उघडावं. चार दिवस मिळाले.

सोमवार. रस्त्याच्या मधोमध कोन, दोन्ही बाजूंना, रेल्वेच्या हद्दीच्या दगडापर्यंत. दगडाच्या पुढे आम्ही काही ठेवू शकत नाही, ती जागा रेल्वेची. पाऊण तासात दुचाक्यांनी दोन कोनांमधली फट शोधली. एक कोन टेम्पोखाली गेला आणि भाकरीसारखा चपटा होऊन बाहेर आला.

मंगळवार. कोनांमधून नायलॉनची दोरी ओवली. कल्पना स्टँडवरच्या एका पोराची. दोरीला लाल चिंध्या बांधल्या, कारण पहाटे दिसत नाही. दोरीला कायद्यात काही अर्थ नाही, पण दोरी ओलांडायला माणसाला क्षणभर विचार करावा लागतो, आणि त्या क्षणात मागचा ओरडतो. सहा कोन आणि वीस मीटर दोरीनं जे झालं ते हवालदाराच्या शिट्टीनं कधी झालं नव्हतं.

पण दगडापासून बूमपर्यंतची अकरा पावलं उघडीच. दोरी संपली की लोक तिथे उजवीकडे पसरतात. दोरीच्या शेवटी पंख्यासारखी गर्दी.

गुरुवार. अण्णा स्वतः त्या अकरा पावलांत उभे. खाकी शर्ट, हात आडवा. "इकडून नाय. इकडून नाय." फाटक ५ मिनिटं बंद, उघडल्यावर ५ मिनिटं आणि काही सेकंदांत रस्ता मोकळा. मी घड्याळ काकांनाही दाखवलं, नंतर कुणी म्हणायला नको.

शुक्रवार. अण्णा लग्नाला गेले. ८ मिनिटं.

७ जून, शुक्रवार

आचारसंहिता उठली आणि लगेच पालिकेत बैठक. आमचं मागणं: कोन-दोरीच्या जागी रस्त्याच्या मधोमध खांब. अर्धा तास एका शब्दावर गेला. मी म्हटलं, शाळेकडच्या पदपथावर डीपी आडवी येते. एका सदस्यांनी लगेच हरकत घेतली, की डीपी मंजूर आहे, त्यात असा रस्ताच नाही, तुम्ही कोणत्या आराखड्याबद्दल बोलताय. मी विजेच्या डीपीबद्दल बोलत होते, त्या राखाडी पेटीबद्दल, जिच्यावर धोक्याची कवटी आहे आणि जिच्या पायाशी भाजीवाली मावशी टोपली ठेवते. आपल्याकडे विकास आराखडाही डीपी आणि पेटीही डीपी. दोन्ही हलवायला सारखाच वेळ लागतो.

मग नेहमीचा प्रश्न: उड्डाणपूल होणारच आहे, मग हे खांब कशाला?

पुलाचं गणित सांगितलं. दिवसभरात फाटकावरून जाणाऱ्या रेल्वेगाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं, याला टीव्हीयू म्हणतात. तो आकडा १ लाखाच्या वर गेला की पुलाचा खर्च रेल्वे आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. त्यानंतर आराखडा, भूसंपादन, उतरणीच्या भिंतींखाली कुणाची दुकानं जाणार यावरून कोर्टकचेऱ्या. आणि पूल झाला की खालचं फाटक कायमचं बंद होतं, हे फारसं कुणी बोलत नाही. गाड्यांची सोय होईल. पण माझ्या सासूबाई रोज सकाळी मंडईत चालत जातात, तीन मिनिटांत. पूल झाल्यावर त्यांनी चढणीचा अख्खा वळसा घालायचा का? पुलासोबत पायी ओलांडायची वेगळी वाट मागायला हवी, आणि ती आराखड्याच्या पहिल्याच कागदावर हवी. हे इतिवृत्तात घ्यायला लावलं.

खांबांना तत्त्वतः मान्यता. लवचिक, केशरी, गाडी आदळली तर वाकून परत उभे राहणारे. काकांना 'तत्त्वतः' या शब्दाची नोकरीपासून धास्ती आहे.

१८ जून, मंगळवार

शाळा तशी १५ ला उघडली, पण तो शनिवार होता. काल बकरी ईद. म्हणून नऊच्या शाळेचा पहिला खरा दिवस आज.

मी रजा टाकून पायरीवर उभी होते. पावसाची भुरभुर, खांब नाहीत, कोन मूळ मालकाकडे परतलेले. पावणेनऊला फाटक लागलं. उघडल्यावर चौदा मिनिटं. एक छोटी मुलगी स्कूटरवर पुढे उभी, रेनकोटची टोपी डोळ्यांवर आलेली, आणि ती शांतपणे डबा उघडून पोळीचा रोल खात होती. आईने मागे वळून पाहिलंही नाही. त्यांचा बहुधा रोजचा बेत तोच ठरणार.

आधी न सुचलेली गोष्ट: ज्या घरात एक मूल दुसरीत आणि एक सातवीत, त्या घरची स्कूटर आता दोनदा येते. सव्वासातला आणि नऊला. आणताना परत दोनदा. वेळ विभागली की गर्दी विभागते असं मी स्वतः फेब्रुवारीत काकांना सांगितलं होतं. मुलं विभागली गेली खरी, पण फेऱ्या वाढल्या.

२४ जून, सोमवार

मुख्याध्यापिका बाईंनी वर्गावर्गात हात वर करायला लावले. फाटकाच्या अलीकडे राहणारे किती आणि त्यातले गाडीवर येणारे किती. अलीकडे राहणाऱ्यांपैकी बहुतेक गाडीवर. यांना फाटक ओलांडायचंच नसतं, पण यांच्याच स्कूटरी गेटसमोर उलट्या वळताना फाटकाची रांग अडवतात.

"चालत का पाठवत नाही?" पालकांचं एकच उत्तर: चालायला जागा कुठे आहे. बरोबर आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुस्तकात पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर. आम्ही टेप लावली. कागदावर पदपथ दीड मीटरचा, त्यातून ती डीपी, दोन खांब, गटाराचे तीन हललेले ढापे आणि इस्त्रीवाल्याची टपरी वजा करा. दोन मुलं हात धरून शेजारी शेजारी जाऊ शकतील अशी जागा सलग वीस पावलंही नाही.

टपरी हलवायची नाही असं आम्ही आधीच ठरवलं. तो माणूस सकाळी सात ते रात्री नऊ रस्त्यावर डोळा ठेवून असतो, एवढं कुठला कॅमेरा करत नाही. ढापे मात्र बदलायचे, आणि टपरीच्या जागी पदपथ रस्त्याच्या बाजूला मीटरभर फुगवायचा.

दरम्यान आजोबा मंडळाने एक रांग सुरू केली. साडेआठला मारुतीच्या देवळापासून, वाटेत तीन सोसायट्यांच्या दारांतून मुलं गोळा करत शाळेपर्यंत. पुढे एक आजोबा, मागे एक. पहिल्या दिवशी पाच मुलं, त्यातली दोन त्याच आजोबांची नातवंडं.

११ जुलै, गुरुवार

रात्रीतून कुणीतरी गेटसमोर गतिरोधक घातला. हेतू चांगला, आकार भयंकर. टेपने मोजला: रुंदी दोन फूट, उंची वीतभर. प्रमाण आकार ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, अंगावरून गाडी डुलत जाते. हा ओलांडताना गाडी उडी मारते, रिक्षाचा पुढचा माणूस छताला लागतो, आणि सगळे थांबून पहिल्या गिअरमध्ये जातात, त्यामुळे फाटकाच्या रांगेला आणखी एक गाठ. शिवाय पावसाचं पाणी त्याच्या मागे तुंबून गेटसमोर तळं.

कुणी घातला हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कुणी बोलत नाही. काकांनी त्या गृहस्थांना चहाला बोलावलंय.

२५ जुलै, गुरुवार

जिल्ह्यात पावसाने हाहाकार, पुण्यात नदीकाठच्या सोसायट्यांत पाणी शिरलं. शाळांना सुट्टी. फाटकाजवळ गुडघाभर पाणी. जे लोक पुलाऐवजी भुयारी मार्ग मागतात त्यांच्यासाठी मी आज फोटो काढून ठेवला.

गतिरोधक वाहून गेला. निम्मा तरी. राहिलेला काकांनी आणि त्या गृहस्थांनी मिळून पहारीने काढला.

१३ ऑगस्ट, मंगळवार

खांबांचा कार्यारंभ आदेश निघाला. रेल्वेच्या हद्दीतल्या अकरा पावलांसाठी संयुक्त पाहणीचं पत्र वेगळं गेलंय. त्याचं उत्तर आलं की नोंदवेन.

आजोबांच्या रांगेत आता मुलं बरीच झाली, म्हणून दोन रांगा केल्या. दुसऱ्या रांगेच्या पुढे एक आजी. मुलांनी तिला 'ड्रायव्हर आजी' नाव ठेवलंय. तिला ते आवडलेलं दिसतं, कारण ती वळणावर हात दाखवते.

३० ऑगस्ट, शुक्रवार

खांब बसले. पहिल्याच सकाळी फाटक ५ मिनिटं बंद आणि उघडल्यावर ६ मिनिटांत मोकळं, अण्णांशिवाय. नऊच्या शाळेसह. अकरा पावलांतली पंख्यासारखी गर्दी आहेच, पण मागून पाठबळ नाही, कारण खांबांच्या उजवीकडे कुणी शिरू शकत नाही. दहा-बारा दुचाक्या पुढे पसरतात आणि फाटक उघडताच सुटतात. पूर्वी त्यांच्या मागे रिक्षा, कार आणि बस असायची.

गेटमनदादांनी केबिनच्या दारातून नुसता हात वर केला.

३ सप्टेंबर, मंगळवार

आनंद चार दिवस टिकला. मंडळांचे कार्यकर्ते घरी आले. शनिवारी गणपती. खांबांमुळे अर्धा रस्ता, आणि अर्ध्या रस्त्यातून ट्रॉली जाणार नाही.

मी उंचीचा मुद्दा काढला. फाटकावर वर २५ हजार व्होल्टची तार आहे, म्हणून दोन्ही बाजूंना ती लोखंडी कमान, ४.६७ मीटरची. ट्रॉलीसह मूर्ती त्याखाली बसलीच पाहिजे. "ताई, उंचीचं आम्ही दर वर्षी मोजून घेतो, मुकुट वेगळा नेतो. रुंदीचं बोला." खरंच, उंचीचं भान त्यांना माझ्यापेक्षा जास्त होतं.

तोडगा कंत्राटदाराच्या मिस्त्रीने काढला. खांबाची बैठक चार बोल्टची आहे. अनंत चतुर्दशीला दुपारी फाटकाच्या दोन्ही बाजूंचे आठ-आठ खांब काढायचे, दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा बसवायचे. पाना मंडळाकडे. बोल्ट एका डब्यात, डबा काकांकडे.

१८ सप्टेंबर, बुधवार

काल विसर्जन. रात्री एकपर्यंत ढोल. पहाटे साडेपाचला मी, काका आणि मंडळाची झोपाळलेली तीन मुलं डबा आणि पाना घेऊन फाटकावर. गुलालाने खांबांच्या बैठका भरलेल्या, बोल्टची भोकं दिसेनात. मिस्त्रीने टूथब्रश आणायला लावला, तो आणला.

काढले होते सोळा, परत सापडले चौदा. एक मांडवामागे मिळाला, त्याला केळीचा खुंट बांधला होता. सोळाव्याचा पत्ता नाही. त्या जागी तात्पुरता एप्रिलमधला तो चपटा कोन ठेवला, काकांनी तो माळ्यावर जपून ठेवला होता.

आठ चाळीसला फाटक लागलं. पायरीवर बसून पाहिलं. रांग डावीकडे. कोनाच्या जागी एका मोटरसायकलने चाक वळवलं, इस्त्रीवाला टपरीतून ओरडला, चाक सरळ झालं. मग डाऊन गाडी गेली आणि लोकांनी स्टार्टर मारले, आणि दादांनी बोट दाखवलं, अजून एक आहे.

सोळावा खांब मागवायचा. संयुक्त पाहणीच्या पत्राचं स्मरणपत्र द्यायचं. टूथब्रश डब्यात ठेवलाय.